ऑप्शनला टाकलेलं युनिट

पाच युनिटांचा अभ्यासक्रम, पाच प्रश्नांची प्रश्नपत्रिका, आणि वर ठळक अक्षरांत सूचना : कोणतेही चार सोडवा. ही सूचना ज्या कुणी पहिल्यांदा लिहिली त्याच्या मनात विद्यार्थ्यांविषयी दया होती, यात शंका नाही. पण दयेचा एक स्वभाव असतो. ती शेवटी बसलेल्याच्या मुळावर येते. आणि पाच युनिटांत शेवटी पाचवं बसलेलं होतं.

डोंबिवलीतल्या त्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा एक पेपर होता. त्याचं पाचवं युनिट म्हणजे मॅट्रिक्स, आयगन व्हॅल्यू वगैरे. सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून पुढच्या बाकापर्यंत निरोप पोचायचा, की पाचवं ऑप्शनला टाकायचं. हा निरोप कोण देतं हे कुणाला माहीत नव्हतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगायची, त्यांना त्यांच्या वरच्यांनी सांगितलेलं असायचं. घराण्यात कुळाचार चालतात तसं ते चालत आलं होतं.

हा पेपर शिकवायच्या विनिता कारखानीस. वय त्रेपन्न, राहणार ठाण्यात नौपाड्याला, नोकरी अठ्ठावीस वर्षं. त्या लागल्या तेव्हा कॉलेजात गणिताचा स्वतंत्र विभाग होता, त्याला स्वतंत्र कपाट होतं आणि कपाटाला किल्ली होती. सात वर्षांपूर्वी शेवटच्या तुकडीत चार मुलं उरली, त्यातली दोन चुकीचा फॉर्म भरल्यामुळे आलेली. मग विभाग बंद झाला. विनिताबाईंची खुर्ची संगणक विभागाच्या स्टाफरूममध्ये प्रिंटरशेजारी आली. प्रिंटरवर कुणी दोनशे पानं सोडली की बाईंच्या टेबलावरचा चहा थरथरायचा.

आता त्यांच्याकडे आठवड्याला सोळा तास होते. आठ पहिल्या वर्षाचे, आठ या पेपरचे. सोळाचा आकडा पवित्र असतो. तो भरला की प्राध्यापक, नाही भरला की सरप्लस. सरप्लस झालेल्या माणसाला संस्था कल्याणच्या पलीकडच्या आपल्या दुसऱ्या कॉलेजात उरलेले तास भरायला पाठवते. आठवड्यातून तीन दिवस इथे, तीन दिवस तिथे, आणि दोन्हीकडे पाहुणा.

डिसेंबरात नोटीस आली, की जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी अभ्यासमंडळाची बैठक आहे. विषय क्रमांक चार : दुसऱ्या वर्षाच्या गणिताच्या पेपरचे चार क्रेडिट कमी करून दोन करणे व उरलेले दोन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या कौशल्य-पेपरला देणे. दोन क्रेडिट गेले की चार तास गेले. चार तास गेले की विनिताबाई कल्याणच्या पलीकडे.

त्या तशा भांडखोर नव्हत्या. पण या वेळी त्यांनी चार पानांचं टिपण तयार केलं. त्याचा गाभा असा होता, की ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी तुम्ही गणित कापताय ती सगळी उभी आहे पाचव्या युनिटावर. मजला वाढवण्यासाठी तुम्ही पायातल्या विटा काढताय. वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं होतं. त्यांनी ते टिपणाच्या पहिल्या पानावर आणि शेवटच्या पानावर, असं दोनदा घातलं.

त्या टिपणात एक गोष्ट नव्हती. ती सांगण्याआधी थोडं मागे, नोव्हेंबरात जायला हवं.

पाचवं युनिट सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत यायचं. त्या दोन आठवड्यांत मुलं वर्गात नसतात. ती झेरॉक्सच्या दुकानात असतात, जर्नल सर्टिफाय करून घ्यायला प्रयोगशाळेबाहेर असतात. विनिताबाई रिकाम्या वर्गात जायच्या, पाच मिनिटं थांबायच्या, हजेरीपटावर ‘युनिट पाच : शिकवले’ असं लिहायच्या आणि परत यायच्या. टिपणात नव्हती ती गोष्ट हीच. यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. न ऐकणाऱ्याला शिकवणं आणि नसलेल्याला शिकवणं, यात दुसरं जास्त शांततेचं होतं.

या वर्षी त्या वर्गात गेल्या तर तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसलेला.

“तू कोण?”

“सुशांत मॅडम. बांदिवडेकर. बी डिव्हिजन.”

“आधी कधी दिसला नाहीस.”

“कावीळ झालेली मॅडम. कॉलेज सुरू झालं तेव्हापासून गावीच होतो, देवगडला. परवा आलो.”

“मग इथे काय करतोस? बाकीचे कुठेत?”

“माहीत नाही. टाइमटेबलमध्ये लेक्चर लिहिलेलं, म्हणून आलो.”

टाइमटेबलवर विश्वास ठेवून वर्गात येणारा मुलगा विनिताबाईंनी बऱ्याच वर्षांनी पाहिला. ऑप्शनचा निरोप सत्राच्या पहिल्या आठवड्यात फिरला तेव्हा हा देवगडला उसाचा रस पीत होता, त्यामुळे तो याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. आता एक मुलगा समोर बसलाय म्हटल्यावर परत जाता येईना. बाईंनी खडू घेतला.

एकट्या मुलाला शिकवताना फळ्याकडे तोंड करून पाठ केलेलं म्हणता येत नाही. तो समोर असतो, त्याचा चेहरा दिसतो. त्यामुळे बाईंना साध्या शब्दांत सांगावं लागलं. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन. कागदावर बाण काढलास, तर हा चौकोन त्या बाणाला वळवतो. सगळ्यांना वळवतो. पण एखाददुसरा बाण हट्टी असतो. तो लांब होईल, आखूड होईल, पण वळणार नाही. असे दोन हट्टी बाण सापडले, वेगवेगळ्या दिशांचे, की तो सगळा चौकोन सुटसुटीत लिहिता येतो. तेच या युनिटाचं काम. हट्टी बाण शोधायचे.

“आणि दोन नाही सापडले तर?” सुशांतने विचारलं.

“सापडतात,” बाई म्हणाल्या आणि घड्याळाकडे पाहिलं.

दोन आठवडे रोज तो एकटा यायचा आणि बाई त्याला शिकवायच्या. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, “मॅडम, बाकीचं मला काहीच येत नाही. पण हे येतंय.”

परीक्षा झाली. पेपर तपासायला संदेशकडे गेले. संदेश तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाहीतर रस्त्यावरचा माणूस. सकाळी इथे, दुपारी उल्हासनगरला, संध्याकाळी क्लासमध्ये. एकशे बारा पेपर त्याने मॉडेल आन्सर समोर ठेवून तीन दिवसांत उरकले. निकाल लागला. सुशांतला साठपैकी तेरा. पास व्हायला चोवीस लागतात. केटी लागली, म्हणजे पेपर पुन्हा द्यायचा.

बैठकीच्या आधीच्या सोमवारी संदेश प्रिंटरशेजारी येऊन उभा राहिला. हातात एक उत्तरपत्रिका होती.

“मॅडम, एक मिनिट? बाबुरावांनी पाठवलंय. एका मुलाने झेरॉक्स मागितली, रीचेकिंगला टाकलाय.”

बाबुराव म्हणजे परीक्षा विभाग. तिथे आणखी तीन माणसं होती, पण परीक्षा विभाग म्हणजे बाबुरावच.

“मग बघ ना तू. तूच तपासलास.”

“बघितलं ना. म्हणूनच आलो. त्याने प्रश्न पाच लिहिलाय मॅडम.”

विनिताबाईंनी चष्मा वर केला. “कुणी?”

“हेच म्हणतोय मी. पाचवा कोण लिहितं? मी मॉडेल आन्सर बघितलं, त्यात उत्तर दोन आणि चार. याचं आलंय तीन आणि तीन. आणि खाली लिहिलंय, दिशा एकच मिळते, दोन लागतात, म्हणून हे होणार नाही. मी शून्य दिलं. पण काल रात्री झोपताना डोक्यात आलं, हा तीन-तीन कुठून आणेल? कॉपी करायची तर दोन-चारच करेल ना.”

बाईंनी प्रश्न पाहिला. चार आकड्यांचा चौकोन : वरच्या ओळीत पाच आणि उणे एक, खालच्या ओळीत चार आणि एक; त्याचे दोन हट्टी बाण शोधायचे. त्यांनी पाठच्या कोऱ्या कागदावर तो सोडवायला घेतला. तिसऱ्या ओळीला हात थांबला. तीन. आणि पुन्हा तीन. हट्टी बाण एकच. दुसरा नव्हताच. सुशांत बांदिवडेकर बरोबर होता, आणि प्रश्न चुकीचा.

असं का झालं हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. कॉलेज स्वायत्त झालं आणि पेपर कॉलेजातच निघायला लागले त्या वर्षी, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, त्यांनी पहिला पेपर काढला होता. पाचव्या प्रश्नासाठी जुन्या पेपरातला प्रश्न उचलला. तिथे खालच्या ओळीत तीन होता. जसाच्या तसा उचललेला बरा दिसत नाही म्हणून तीनचा चार केला. ही पेपर काढणाऱ्यांची रीतच आहे, आकडे बदलायचे. आकडा बदलला की सोडवून बघायचं, हीसुद्धा रीत आहे. पण पाचवा प्रश्न कोण सोडवणार, या विचाराने त्यांनी तो सोडवला नाही. मॉडेल आन्सरमध्ये जुनंच उत्तर राहिलं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. नऊ वर्षं दर नोव्हेंबरात एक अशक्य काम ठळक अक्षरांत छापलं गेलं आणि कुणालाही पत्ता लागला नाही.

“बाबुरावांकडे जुने तक्ते असतील?” बाईंनी विचारलं.

असतात. बाबुराव काही टाकत नाहीत. दुपारी त्यांनी नऊ वर्षांचे प्रश्नवार गुणतक्ते आणून टेबलावर ठेवले. पाचव्या प्रश्नाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा होत्या. हजाराच्या घरात मुलं, आणि आडव्या रेघा. सुशांतचं शून्य सोडलं, तर एके ठिकाणी फक्त एक आकडा होता, एक. चौकशी केल्यावर बाबुरावांना आठवलं. त्या मुलाने प्रश्नच सुबक अक्षरात उतरवून काढला होता, तेव्हाच्या परीक्षकांनी प्रयत्नाचा एक मार्क दिलेला.

“मॅडम,” संदेश आवाज खाली आणून म्हणाला, “एक सांगू का? प्रश्न चुकला असं लेखी दिलं ना, की ती नोट अभ्यासमंडळापुढे जाते. गुरुवारीच आहे मंडळ. आणि नोटेत एक कॉलम असतो, किती विद्यार्थ्यांनी सोडवला.”

“माहीत आहे मला.”

“तुमच्या टिपणात तुम्ही लिहिलंय सगळं पाचव्यावर उभं आहे. आणि हा तक्ता त्यांच्या हातात.”

“संदेश, तुला काय म्हणायचंय ते म्हण.”

“बाकीच्या तीन प्रश्नांत वाटून टाकू. इकडे चार, तिकडे चार, तिकडे तीन. अकराच तर हवेत. मुलगा पास, प्रश्न मिटला. पुढच्या वर्षी चारचा परत तीन करा. कुणाला काय कळतंय?”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला बाई आवडायच्या. त्या गेल्या तर प्रिंटरशेजारची खुर्ची त्याला मिळणार नव्हती, ती कुणालाच मिळणार नव्हती. तिथे दुसरा प्रिंटर येणार होता.

बाईंनी उत्तरपत्रिका ड्रॉवरमध्ये ठेवली. “उद्या बघू,” म्हणाल्या. ‘उद्या बघू’ म्हणताना आपण काय ठरवलंय हे माणसाला साधारण माहीत असतं, आणि विनिताबाईंना माहीत होतं. इकडे चार, तिकडे चार, तिकडे तीन. संदेशचं बरोबर होतं. मुलगा पास झाल्यावर त्याला आणखी काय हवं?

मंगळवारी मुलगा स्वतःच आला. दारात उभा. काविळीनंतर अंगावर मांस चढलं नव्हतं, शर्ट खांद्यावरून दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता.

“मॅडम, येऊ?”

“ये. तुझ्या पेपरचं चालू आहे काम. होईल काहीतरी. काळजी करू नकोस.”

“नाही, काळजी नाही. केटी लागली तर लागली. अर्धा वर्ग केटीत आहे, कंपनी असते.” तो जरा घुटमळला. “मला फक्त एक विचारायचं होतं. पाचव्यात माझं चुकलं कुठे?”

बाईंचा हात ड्रॉवरकडे गेला.

“मी घरी तीन वेळा केलं. पप्पा म्हणाले, आकडा उतरवताना चुकला असशील, म्हणून पेपर परत काढून बघितला. आकडा बरोबर आहे. तीनच येतंय. माझ्या ताईचा मित्र आयआयटीत आहे, त्याला पाठवलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर, पण त्याचं ब्रेकअप झालेलं, त्याने बघितलंच नाही. मग म्हटलं तुम्हालाच विचारू. तुम्हीच म्हणालेलात ना, दोन सापडतात.”

“हो.”

“मग मला दुसरा का सापडत नाहीये?”

त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. तक्रार असती तर बाईंना बरं पडलं असतं, अठ्ठावीस वर्षांत तक्रारींना त्यांनी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. हा खरोखरच विचारत होता. आणि इकडे चार, तिकडे चार, तिकडे तीन केलं असतं, तर हा मुलगा पास होऊन जन्मभर समजत राहिला असता, की त्याला तो दुसरा बाण शोधता आला नाही.

“बस,” त्या म्हणाल्या. “चुकलं नाही तुझं. दुसरा नाहीच आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही चौकोनांना एकच असतो. मी तुला वर्गात चुकीचं सांगितलं. आणि पेपरातही चुकीचा प्रश्न काढला.”

सुशांतने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने विचारलं, “मग एकच असेल तर काय करायचं असतं?”

हे मात्र बाईंना लगेच सांगता आलं नाही. त्यांनी सुद्धा एम.एस्सी.ला तो भाग ऑप्शनला टाकला होता.

गुरुवारी बैठक झाली. अध्यक्ष महेंद्र सर, संगणक विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्या मागे सतत कुणीतरी फॉर्म घेऊन लागलेलं असायचं. विषयतज्ज्ञ म्हणून ठाण्याहून मधु सर आले होते. वय पंच्याहत्तर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली. विनिताबाई त्यांच्या विद्यार्थिनी. आणि उद्योगक्षेत्राचा प्रतिनिधी म्हणून नील. हा याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, घोडबंदर रोडला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर. बटाटेवडे आले, चहा आला, विषय एक ते तीन वड्यांबरोबर संमत झाले.

“विषय चार,” महेंद्र सर म्हणाले. “कारखानीस मॅडम, तुमचं टिपण आलंय. छान आहे. पायातल्या विटांचं फार छान आहे. दोनदा आलंय, पण चालेल.”

“टिपण राहू दे सर. त्याआधी ही नोट घ्या.”

नोट एका पानाची होती, सोबत नऊ तक्ते. ती हातोहात फिरली. महेंद्र सरांनी वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली.

“नऊ वर्षं?” ते म्हणाले.

“नऊ वर्षं.”

“आणि एकानेही...”

“एकाने. या वर्षी. त्याला शून्य मिळालं.”

कुणीतरी वडा चावला, तेवढाच आवाज झाला. मग नील म्हणाला, “मॅम, खरं सांगू? मीपण टाकलेलं ऑप्शनला. तुमच्याच वर्गात.”

“माहीत आहे मला. तुझ्या वर्षीपण रेघाच होत्या.”

“आणि आता मुलं मुलाखतीला येतात ना, त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो. आयगन व्हॅल्यू म्हणजे काय.”

मधु सर पहिल्यांदाच बोलले. “त्यांनी सांगितलेलं बरोबर आहे, हे तुला कसं कळतं रे?”

“माझ्याकडे लिहिलेलं असतं ना सर. समोर कागद असतो.”

“हं. मॉडेल आन्सर,” मधु सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. “विनिता, मीही तुम्हाला शिकवला नव्हता हा भाग. आठवतंय तुला? मी म्हणायचो, वेळ उरला तर बघू.”

“उरला नाही सर.”

“उरू दिला नाही मी,” सर म्हणाले.

महेंद्र सर कपाळ चोळत होते. त्यांची अडचण वेगळी होती. “हे बघा, भावना समजल्या. पण मला फॉर्ममध्ये लिहायचंय काय? युनिट काढायचं तर काढण्याचं कारण असा रकाना आहे. मुलं सोडवत नाहीत असं लिहिलं, तर मूल्यांकनवाले विचारतील, उरलेली चार तरी सोडवतात का? ठेवायचं तर हा तक्ता. म्हणजे ठेवताही येत नाही, काढताही येत नाही.”

“ठेवा,” विनिताबाई म्हणाल्या. “दोन क्रेडिटच ठेवा. पण ते दोन या युनिटाचे. पहिल्या दिवसापासून हेच शिकवायचं, शेवटच्या पंधरवड्यात नाही. आणि चार प्रश्न, चारही सोडवायचे.”

“आणि बाकीची चार युनिटं?”

“ती मुलं बारावीत करून येतात. मी परत तीच शिकवते, कारण ती मलाही येतात. चार महिने ती दमानं चालतात, म्हणून पाचव्याला वेळ उरत नाही.”

हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ते कुणी बैठकीत बोललं नव्हतं एवढंच.

महेंद्र सरांनी कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि थांबले. “मॅडम, चाराचे दोन झाले तर तुमचे चार तास जातात.”

“मी मोजलेत.”

“मी मॅनेजमेंटशी बोलतो, पण... त्या दुसऱ्या कॉलेजात तीन दिवस जावं लागेल बहुतेक.”

“जाईन.”

हे त्यांनी फार धीराने म्हटलं असं नाही. घरून निघताना त्या मनाशी वेगळंच म्हणत होत्या. तक्ता ठेवायचा, पण चार क्रेडिटसाठी लढायचं, उत्तरं तयार होती. नील म्हणाला समोर लिहिलेलं असतं, तेव्हा ती उत्तरं कुठेतरी गेली. चार युनिटं वाचवली असती तर सोळा तास भरले असते. सोळा तास भरून पुन्हा नोव्हेंबरात रिकाम्या वर्गात जाऊन ‘शिकवले’ असं लिहावं लागलं असतं.

ठराव दहा मिनिटांत झाला. महेंद्र सरांना दोन क्रेडिट हवे होते, ते मिळाले. कारणाच्या रकान्यात ‘उद्योगक्षेत्राच्या बदलत्या गरजा लक्षात घेऊन’ असं पडलं, आणि खाली उद्योगक्षेत्राने सही केली. चुकलेल्या प्रश्नाची नोंद ‘किरकोळ तांत्रिक त्रुटी’ अशी झाली. सुशांत बांदिवडेकरच्या पाचव्या प्रश्नाला संदेशने फेरतपासणीत पंधरापैकी तेरा दिले. दोन का कापले असं बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, पूर्ण दिले तर संशय येतो मॅडम. एकूण सव्वीस झाले. बाबुरावांनी त्या दिवशीच्या तारखेचा शिक्का मारला.

बैठक संपली तेव्हा साडेचार वाजले होते. नीलला लवकर जायचं होतं, तो गाडीतून निघून गेला. मधु सरांना स्टेशनची रिक्षा पकडून द्यायला विनिताबाई त्यांच्याबरोबर गेटपर्यंत आल्या. एमआयडीसीकडून नेहमीचा, जरा गोडसर वास येत होता. रिक्षा दिसत नव्हती. सर कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकले, बाई शेजारी बसल्या.

“कल्याणच्या पलीकडे तुला जड जाईल गं,” ते म्हणाले. “नौपाड्याहून रोज. या वयात.”

“रोज नाही सर. तीन दिवस.”

“तीन दिवस म्हणजे निम्मा आठवडा. मी बोलू का कुणाशी? संस्थेत अजून एकदोघं आहेत माझ्या ओळखीचे.”

“नको सर.”

सर जरा संकोचून, खिशातला रुमाल काढून परत ठेवत, म्हणाले, “तो मुलगा काय म्हणाला म्हणालीस? एकच असेल तर काय करायचं असतं?”

“हो. त्याच्यावर मी दोन दिवस बसलेय. थोडं थोडं कळतंय.”

“मला सांगशील?”

“आत्ता?”

“छत्तीस वर्षं शिकवलं, त्यातलं एवढंच राहिलंय असं नाही. पुष्कळ राहिलंय. पण हे तू आत्ता काढलंस म्हणून.”

विनिताबाईंनी पर्समधून त्या चार पानांच्या टिपणाचं शेवटचं पान काढलं. मागची बाजू कोरी होती. ते सरांच्या गुडघ्यावर, त्यांच्या फाइलवर ठेवलं आणि वाकून चार आकडे लिहिले : पाच, उणे एक, चार, एक. एक बाण काढला.

“हा वळत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“आता याच्यासारखा दुसरा मिळत नाही. मग आपण असा एक बाण घ्यायचा, जो वळतो, पण वळतो तो या पहिल्याच्याच बाजूला झुकतो. दुसरीकडे कुठे जात नाही.”

“थांब,” सर म्हणाले. त्यांनी पेन्सिल बाईंच्या हातातून घेतली आणि स्वतः बाण काढून पाहिला. बाण जरा वाकडा आला. “म्हणजे तो हट्टी नाही. पण वाहवतही नाही.”

“हां. असंच काहीसं.”

“परत सांग. जरा हळू.”

समोर एक रिकामी रिक्षा येऊन थांबली. “स्टेशन?” रिक्षावाल्याने विचारलं.

विनिताबाई उठल्या. सरांनी कागदावरून नजर न काढता डाव्या हाताने त्याला जा म्हणून खूण केली.

“दुसरी येईल,” ते म्हणाले. “बस तू. मग पुढे?”